जन्मकथा जोडीदारानेही सांगावी



‘बायकोच्या वाढदिवशी तिच्या जन्माची गोष्ट सांगणे हा नवऱ्याचा आगाऊपणा; तो मान आईचाच’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. आई गेल्यावर ती गोष्ट सांगायची कोणी? रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आपले पती न्यायमूर्ती रानडे यांचे बालपणही सांगितले आहे. न्यायमूर्तींचा जन्म १८४२ चा, निफाडचा. रमाबाई त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी लहान. थोरामोठ्यांकडून ऐकलेले त्यांनी जपले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आमच्या सौ.ची शाळेच्या दाखल्यावरची तारीख १ जून. त्या काळी अर्ध्या वर्गाची तीच असे. खरा दिवस सासूबाईंनी सांगितला : आषाढी एकादशीचा दुसरा दिवस, लावणीची घाई. सुईण चिखल तुडवत आली, कंदिलाची काच तडकलेली. पोर रडेना म्हणून तिने काशाचे ताट वाजवले. दरवर्षी जेवणाआधी मी हे सांगतो. सौ. मध्येच तपशील दुरुस्त करते, नातवंडे ‘मग रडली का?’ म्हणून विचारतात. केकही कापतोच.

पत्रलेखकांच्या सासूबाई हयात असतील, तर त्यांनी यंदाच सारे विचारून घ्यावे.

– एक वाचक, माकुणसार (जि. पालघर)