वंगण लावलंय ना, बॉस?

नागपूरहून हैदराबाद रोडला लाँग ड्राइव्हवर निघालात. हिंगणघाट मागे पडलं आणि वडनेरजवळ टायर बसला. गाडी रोजची हॅचबॅक असेल तर नो टेन्शन! जॅक लावा, नट खोला, स्टेपनी चढवा आणि सुटा. पण गाडी एमजी टीसी असेल तर? १९४५ ते १९४९ मध्ये बनलेली ही ब्रिटिश सुंदरी, १९ इंची तारांच्या चाकांची. त्या चाकांना नेहमीसारखे चार-पाच नट नसतातच!

मधोमध एकच मोठा, कानवाला नट. नाव स्पिनर. चाकाच्या तुंब्यात आतून दातेरी खाचा असतात आणि गाडीच्या हबवर बाहेरून तशाच. दोन्ही एकमेकांत बसतात. चाक झटपट बदलता यावं म्हणूनच ही सोय. पण वर्षानुवर्षं चाक काढलंच नाही तर वंगण सुकतं, पावसाळ्याची ओल खाचांत मुरते आणि गंज दोघांना असा धरून बसतो की सोडवता सोडवत नाही.

अशा वेळी आपल्यातला पैलवान जागा होतो. प्लीज, त्याला झोपू द्या! आधी दिशा बघा. डावीकडच्या चाकांचे आटे सरळ, उजवीकडचे उलटे. म्हणजे उजवीकडचा स्पिनर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला की सुटतो. पंक्चरवाल्या भाऊंनाही हे हातोडा उचलायच्या आधीच सांगा. आणि हातोडा तांब्याचा किंवा शिशाचा हवा, लोखंडी हातोड्यानं स्पिनरचे कान चेपतात.

स्पिनर सुटला, पण चाक जागचं हलेना? मग माझी फेव्हरिट ट्रिक. खाचांत गंज सोडवणारं तेल सोडा, जमलं तर रात्रभर मुरू द्या. स्पिनर एक-दोन फेरेच सैल करा, पूर्ण काढू नका. तो चाकाला धरून ठेवतो. आता मोकळ्या जागेत गाडी अगदी हळू, चार-पाच फूट पुढे-मागे घ्या आणि हलकेच ब्रेक दाबा. गाडीचं वजनच गंजाची पकड मोडतं. ‘कट्’ आवाज आला की थांबा, मग जॅक. तारांवर घाव नको, गॅसची ज्योत तर अजिबात नको आणि जॅकवरच्या गाडीला लाथा नकोत. काहीच जमलं नाही तर तारा कापून चाकाचा बळी द्यायचा, पण हब वाचवायचा.

एवढा खटाटोप फक्त पंक्चरसाठी? नाही हो! इंजिनाची ताकद आणि ब्रेकची पकड, दोन्ही याच दातांतून चाकापर्यंत जातात. दात झिजून गुळगुळीत झाले तर गाडी पळणार नाही आणि पळाली तर थांबणार नाही. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स घेताना ‘खट्’ आवाज येतोय? दातांची टोकं सुरीसारखी झालीत? मग आधी हब आणि चाक बदला, ट्रिप नंतर.

बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं असतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. एमजीचं गणितही तेच आहे. या रविवारी चारही चाकं उतरवा, खाचा ब्रशनं घासा, ग्रीस लावा. स्टेपनी विसरू नका. मग निघा बिनधास्त. वडनेरला थांबलातच, तर ते फक्त चहासाठी!