वाण आणि गुण

वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा झाली की आपली दिवाळी सुरू होते. गाय आणि वासरू एकाच रंगाचे असावे, असे या व्रताच्या विधीत सांगितले आहे. ऐकायला सोपे, पण पांढऱ्या खिल्लार गाईचे वासरू जन्मते तेच मुळी माथ्यावर तांबूस छटा घेऊन! महिना-दोन महिन्यांत ती छटा आपोआप जाते. तेवढा धीर नसलेल्या यजमानाची मात्र पंचाईत व्हायची.

गुरांच्या रंगांचा हा खेळ यवतमाळ जिल्ह्यात छान पाहायला मिळतो. जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. वर्धेपलीकडे आर्वीच्या बाजूला गवळाऊ गुरांचे माहेर. गाय पांढरीशुभ्र, वळूच्या मानेवर, वशिंडावर आणि पुठ्ठ्यावर मात्र करडी झाक. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात कंधारचे लाल कंधारी जनावर, नखशिखांत गडद तांबडे. त्याच मराठवाड्यात देवणीही आहे, आणि तिच्यात तीन तऱ्हा. अंग पांढरे आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. पोटाखालच्या भागावर काळे ठिपके, तो बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे डाग, तो शेवरा.

एवढे रंग येतात कुठून? केसांतली मूळ रंगद्रव्ये दोनच, काळे आणि तांबडे. जिथे रंगपेशी पोचत नाहीत तिथे पांढरा डाग उमटतो. रंगाला कामही असते. पांढऱ्या देशी जनावराच्या केसांखालची कातडी बहुधा काळी असते. केस ऊन परतवतात आणि काळी कातडी उन्हातल्या जाळणाऱ्या किरणांना अडवते. विदर्भाचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना या पोशाखाची किंमत वेगळी सांगायला नको!

आपल्या म्हणीतही हे दोन रंग शेजारी बांधलेले आहेत: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ढवळ्या पांढरा, पवळ्या तांबूस, आणि वाण म्हणजे रंगच. वाण वेगळा आणि गुण वेगळा, हे म्हण करणाऱ्याला पक्के ठाऊक होते. बाजारात मात्र आपण ते विसरतो.

आता हेच पाहा. काळी-पांढरी गाय दिसली की शहरातला माणूस ‘विलायती’ म्हणून मोकळा होतो. ती देवणी असू शकते! उलट, पांढऱ्या रंगावर भुलून ‘अस्सल गवळाऊ’ म्हणून घेतलेले जनावर भलतेच निघू शकते. म्हणून जाणता शेतकरी रंग पाहतो, पण तिथे थांबत नाही. वशिंड भरदार आहे का, गळ्याखालची पोळी किती लोंबते, कान कसे आहेत, खूर घट्ट आहेत का, हे पाहतो; जोडी चालवून बघतो. हॉलस्टिनच्या संकरातल्या जनावराला वशिंड नावापुरतेच असते, आणि वैशाखातल्या उन्हात त्याला धापही लवकर लागते.

ही चिकित्सा हौसेची नव्हे. कोरडवाहू कापसाच्या मुलखात बैलजोडीत घराची पुंजी अडकलेली असते. जोडी फसली तर पेरणी लांबते आणि वर्ष हातचे जाते. शिवाय गाईला कोणत्या वळूचे रेतन द्यायचे, हे नुसत्या रंगावर ठरवत गेले, तर रंग तेवढा उरतो आणि जात हरवते. गवळाऊची चपळ चाल आणि कंधारीचा काटकपणा कातडीवर लिहिलेला नसतो.

आपल्यापैकी पुष्कळांची शेती आज गावी वाटेकऱ्याकडे आहे. नवी जोडी घ्यायला पैसे पाठवाल तेव्हा ‘पांढरीच पाहा’ असा निरोप धाडू नका. निवड त्याच्यावर सोपवा. नांगर त्याला धरायचा आहे. आणि पुढच्या पोळ्याला गावी गेलात तर मुलांना झुलीखालचा रंग दाखवा. वानेरा कोणता, शेवरा कोणता, हे त्यांना एकदा ओळखता आले की गोठ्यातली सगळी जनावरे त्यांना नुसती ‘गाय’ आणि ‘बैल’ वाटणार नाहीत.