निर्वासित विद्यार्थ्यांसाठी कायम निधी हवा

15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेले आणि पुण्यात शिकणाऱ्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांचा घरून येणारा पैसा आटला. शिष्यवृत्ती नसलेल्यांपुढे शुल्क, खोलीभाडे आणि खाणावळीचा प्रश्न उभा राहिला. 1951 च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नसल्याने त्या कराराचा आधार त्यांना नाही; म्हणून लोकवर्गणीचे मोल मोठे. माधुकरीवर विद्यार्थी शिकवणाऱ्या या शहरात 1909 मध्ये आजचे पुणे विद्यार्थी गृह सुरू झाले. ‘सरहद’ या संस्थेने काश्मीरच्या संघर्षग्रस्त मुलांना इथे शिकवले. त्याच परंपरेत निर्वासित विद्यार्थ्यांसाठीही निधी उभारावा. तो नोंदणीकृत न्यासाकडे असावा, परदेशी देणग्या कायदेशीर परवानगीनेच घ्याव्यात, हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला पदवी हाती पडेपर्यंत मदतीची हमी मिळावी.