गच्ची सर्वांची, हिशेबही सर्वांचा



झोपडी गेली, चाळ गेली, पुनर्वसनाच्या इमारतीत पक्के घर मिळाले. भाडे नाही याचा आनंद झाला, पण पाठोपाठ देखभाल खर्चाची पावती आली. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यावरचे दिवे यांची वीज एका सामायिक मीटरवर मोजली जाते व ते बिल सर्व बिऱ्हाडांत वाटले जाते. चार घरांची वर्गणी थकली की बिल थकते, लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावरची आजी महिना-महिना खाली उतरत नाही. वस्त्यांतून फिरताना हे चित्र अनेक इमारतींत दिसते. म्हणून या आठवड्यात त्या सामायिक मीटरचा आणि डोक्यावरच्या गच्चीचा हिशेब मांडू.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना एक कोटी घरांसाठी असून ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तिची जाहिरात आपण सर्वांनी ऐकली आहे. जाहिरातीतला आकडा असतो ७८,००० रुपयांचा. सौर पॅनेल विकणारे आता इमारती-इमारतींतून फिरतात, तेही हाच आकडा सांगतात. इथेच नीट लक्ष द्यावे. ७८,००० रुपये हे स्वतंत्र घराच्या छपरासाठी आहेत. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ते मिळतात. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, वैयक्तिक घराला यापेक्षा जास्त अनुदान नाही.

गृहनिर्माण सोसायटीचा दर वेगळा आहे. लिफ्ट, पंप, दिवे, गाड्यांचे चार्जिंग अशा सामायिक सोयींसाठी गच्चीवर पॅनेल बसवल्यास दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. मर्यादा दर घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. आपल्या इमारती या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा “तुमच्या २८ घरांना प्रत्येकी ७८,००० मिळवून देतो” असे कोणी सांगितले, तर त्याला नमस्कार करून जिन्याची वाट दाखवावी.

आता वही उघडू. समजा, २८ बिऱ्हाडांची सात मजली इमारत आहे. तिच्या गच्चीवर १० किलोवॅटचे संयंत्र बसवायचे आहे. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते, म्हणजे १,००० चौरस फूट झाली. खर्च किलोवॅटला ५०,००० रुपये धरला तर एकूण ५ लाख. अनुदान १ लाख ८० हजार. उरले ३ लाख २० हजार, म्हणजे दर बिऱ्हाडामागे सुमारे ११,४३० रुपये. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. १० किलोवॅटची महिन्याला १,२०० युनिट झाली. युनिटमागे १० रुपये जरी वाचले तरी महिन्याला १२,००० रुपये वाचतात, दर घरामागे सुमारे ४३० रुपये. सव्वादोन वर्षांत पैसे वसूल होतात. पावसाळा, धूळ, सफाईचा खर्च धरून तीन वर्षे म्हणा. पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षे चालतात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या इमारतीचा हिशेब करताना सामायिक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. लिफ्ट-पंपाचे मीटर बहुधा वरच्या, महाग टप्प्यात जाते, म्हणून तिथे वाचलेला युनिट घरातल्या युनिटपेक्षा जास्त मोलाचा असतो. पण गरजेपेक्षा मोठे संयंत्रही लावू नये. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून वीज कंपनीकडे जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. आर्थिक वर्ष संपताना जे युनिट शिल्लक राहतात त्यांना मात्र आपल्या बिलाच्या दरापेक्षा फारच कमी भाव मिळतो. बिलात महिना ९०० युनिट असतील तर १० किलोवॅट कशाला? सात-आठ पुरे. विक्रेता मोठे संयंत्र सुचवील, कारण त्याचा नफा पॅनेलवर असतो. आपला नफा बिलावर आहे.

दुसरा मुद्दा बॅटरीचा. “लाईट गेली तरी लिफ्ट चालेल” असे सांगून बॅटरी गळ्यात मारली जाते. सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळते, बॅटरीला त्यातून एक पैसाही मिळत नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२५ पासून तिथल्या केंद्र सरकारने घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे ३० टक्के सवलत सुरू केली आहे. तिथल्या चित्रफिती मोबाईलवर फिरतात आणि आपल्याकडेही तसेच आहे असा समज होतो. तसे नाही.

मग वीज गेल्यावर सौर पॅनेल काय करतात? बंद पडतात. भर उन्हातही. हा दोष नव्हे, ती सुरक्षेची व्यवस्था आहे. खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून संयंत्र आपोआप थांबते. वीज गेल्यावरही चालावे असे वाटत असेल तर बॅटरी आणि त्यासाठी वेगळा इन्व्हर्टर लागतो. साध्या पाण्याच्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात. लिथियमच्या जास्त टिकतात, पण किंमतही तशीच. जिथे रोज तासन् तास वीज जाते तिथे विचार जरूर करावा. जिथे महिन्यातून एक-दोनदा जाते तिथे लिफ्टला लहान बॅटरीवर चालणारे सुटकेचे यंत्र बसवावे. वीज गेली की ते लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. जिन्याच्या दिव्यांना छोटा इन्व्हर्टर पुरतो. तेवढ्यावर भागते.

आता अडचणी कुठे येतात ते पाहू. पहिली अडचण नावाची. अर्ज वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकावरून होतो. कित्येक इमारतींत सामायिक मीटर अजून बिल्डरच्याच नावावर आहे. ते आधी सोसायटीच्या नावावर करून घ्यावे. सोसायटी नोंदलेली आणि तिचे बँक खाते चालू असावे. दुसरी अडचण पैशाची. अनुदान संयंत्र बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येते. म्हणजे आधी पूर्ण रकमेची तजवीज करावी लागते. अनुदान आल्यावर उरलेले पैसे घ्यायला विक्रेता तयार असेल तर ते करारात लिहून घ्यावे. तिसरी अडचण मालाची. अनुदानासाठी भारतात बनलेल्या सेलचे, भारतात बनलेले पॅनेलच चालतात. विक्रेता योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला असावा आणि पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडे राहते हे करारात यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. तेव्हा दरपत्रक जुन्या कराचे नाही ना, हे तपासावे. १० किलोवॅटपर्यंतच्या संयंत्राला वीज कंपनीच्या तांत्रिक व्यवहार्यता तपासणीसाठी थांबावे लागत नाही. “ती मंजुरी आणून देतो” म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नयेत.

ज्यांचे गावी किंवा उपनगरात स्वतःचे छप्पर आहे त्यांच्यासाठी एक वेगळी माहिती. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ ही योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या कुटुंबांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकास १५,००० आणि इतरांस १०,००० रुपये. १९९० च्या कायद्याने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे, तेव्हा जातीचा दाखला पेटीच्या तळाशी ठेवू नका. हे मात्र स्वतंत्र घरासाठी आहे, सोसायटीच्या गच्चीसाठी नाही.

शेवटी गच्चीबद्दल. ती अध्यक्षांची नाही, वरच्या मजल्याचीही नाही. ती तळमजल्यावरच्या विधवा बहिणीची तितकीच आहे. म्हणून निर्णय चार जणांनी चहा पिताना करू नये. सर्वसाधारण सभा बोलवावी, तीन दरपत्रके फळ्यावर लावावीत, ठराव लिहावा. वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती असते आणि ती रास्त आहे. म्हणून स्लॅबला भोके न पाडता बसणारा सांगाडा मागावा आणि इमारत तो भार पेलते असे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. वाळवणाला आणि टाकीकडे जाण्याला वाट सोडावी. इमारत पुनर्विकासात जाणार असेल तर थांबावे. ज्या घराला ११,००० रुपये एकदम जमत नाहीत त्याला हप्ते बांधून द्यावेत. आणि बिल कमी झाले की ते किती कमी झाले, हे दर महिन्याला फळ्यावर लिहावे. नाहीतर बिल खाली येते आणि देखभालीची पावती जिथल्या तिथे राहते, असेही होते.

सरकारी योजना आली म्हणजे लाभ आला असे नसते. लाभ हिशेब विचारणाऱ्याच्या दारात येतो. येत्या रविवारी सोसायटीच्या कार्यालयात जा आणि फक्त एक कागद मागा: सामायिक मीटरचे मागच्या वर्षाचे बिल. तो कागद मागण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. सुरुवात तिथूनच होते.