तारेची बाजू

‘फाइव्ह-जी आलं, आता घरात तार कशाला?’ हा पूर्वपक्ष सोसायटीच्या सभेपासून दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ऐकू येतो, आणि तो पोकळ नाही. गच्चीवर डबी बसवली की काम झालं. भिंतीला भोक नको, जेसीबीची धास्ती नको. भाड्याच्या खोलीत किंवा जिथे फायबर पोचलंच नाही अशा वाडीत हाच पर्याय योग्य आहे. २०२३मध्ये जिओ एअरफायबर आलं तेव्हापासून तो सहज मिळतोही.

पण तार दारापर्यंत आली असताना ती नाकारणं मला पटत नाही. ‘फायबरही वाटूनच मिळतं,’ असं म्हणतात. खरं आहे. जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. मात्र ती घरं मोजलेली असतात. टॉवरखाली किती फोन गोळा होतील, ते कोण मोजणार? गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून व्हिडिओ कॉल लावून पाहावा.

जाहिरातीतला आकडा बहुधा उतरत्या (डाउनलोड) वेगाचा असतो. फोटो स्टुडिओवाल्याचा जीव अडकतो चढत्या (अपलोड) वेगात. लग्नाचं २० जीबी चित्रीकरण २० एमबीपीएसने चढवायला सव्वादोन तास लागतात, १००ने अर्ध्या तासाच्या आत. फायबरच्या बऱ्याच योजनांत दोन्ही वेग सारखे असतात. फाइव्ह-जीत वेळेचा मोठा वाटा उतरत्या दिशेला दिलेला असतो, म्हणून तिथे चढता वेग तोकडा पडतो.

‘तार तुटते, वीज गेली की बंद पडते,’ हा शेवटचा आक्षेप. वाटेत तंतू घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. घरातल्या मोडेमला छोटा यूपीएस पुरतो. तुटण्यावर उपाय म्हणून काही दुकानदार दोन कंपन्यांच्या तारा घेतात. त्या एकाच खांबावरून आल्या, तर पावसाळ्यात झाड पडताच दोन्ही जातात. त्यापेक्षा एक तार आणि राउटरमध्ये वेगळ्या कंपनीचं सिम. (नुसत्या क्यूआरवर चालणाऱ्या टपरीला यातलं काहीच नको: पैसे गिऱ्हाइकाच्या नेटवरून येतात, बोलणाऱ्या डबीत स्वतःचं सिम असतं.) बिलिंग, कॅमेरे आणि हिशेब ऑनलाइन असलेल्याने मात्र वर्षाचे पैसे भरण्याआधी चढता वेग लेखी मागावा, आणि तार तुटल्यावर जोडायला कोण, किती तासांत येणार तेही.