पट कमी म्हणून शाळा बंद?

पंधरा-वीस पोरांसाठी दोन-दोन मास्तर पोसायचे कशाला, असा सवाल एका विद्वानांनी नुकताच केला. त्यांचा हिशेब सरळ आहे: कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांना कुलूप लावा, मुलं अनेक गावांच्या मिळून एका समूह शाळेत हलवा, जायला-यायला गाडी द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनानेही पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले देत हेच मांडलं होतं. वीसपर्यंत पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या.

गाडी देऊ म्हणणाऱ्यांनी एकदा भिवापूर तालुक्यात यावं. एकीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याचं जंगल, दुसरीकडे गोसेखुर्दचं पाणी. वाघाची खबर आली की मोठा माणूस रानात जायला कचरतो. मग सहा वर्षांच्या पोरीने फाट्यावर एकटीने गाडीची वाट पाहायची? आणि गाडी आलीच नाही तर? मिरचीचे सातरे सुरू झाले की आई सकाळीच देठ खुडायला जाते, ती संध्याकाळीच परतते. गावातच शाळा असली की थोरली पोरगी धाकट्या भावाला वर्गाच्या दाराशी बसवून चार अक्षरं गिरवते. शाळा दुसऱ्या गावाला गेली की भाऊ घरी राहतो आणि त्याला सांभाळायला तीही. तिचं नाव हजेरीपटावर राहील, ती मात्र वर्गात नसेल. विद्वानांच्या हिशेबात या पोरीचा रकानाच नाही.

दोन मास्तर ही मेहेरबानी नव्हे. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. कमी पटात मुलांना स्पर्धाच मिळत नाही म्हणाल, तर पहिलीतल्या लेकराला आधी वाचता येऊ द्या. आणि हा वाद काही आजचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करायचं ठरलं, तेव्हाही गुणवत्तेचीच ढाल पुढे केली होती. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या, पालक कंटाळून पोरं काढून नेतात, मग पट घसरला म्हणून गावालाच दोषी धरायचं!

मुलं हलवू नका, शिक्षक फिरवा. खेळाचे, चित्रकलेचे, संगणकाचे शिक्षक केंद्रशाळेत नेमा आणि ठरल्या वारी वाड्या-वस्त्यांवर पाठवा. पहिली ते चौथी मात्र गावातच राहू द्या.

तालुक्यातल्या पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तुम्हीच बहुसंख्य आहात. येत्या ग्रामसभेत शाळा न हलवण्याचा ठराव घ्या, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.