व्हायरल लोडचा कागद आधी बघा

एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या सुरू झाल्या की घरात एक प्रश्न उभा राहतो. तो मोठ्याने कुणी विचारत नाही. नवरा-बायकोने आता जवळ यायचं की नाही? काही जोडपी धास्तीने वर्षानुवर्षं वेगळी झोपतात. काही जण पहिल्याच महिन्यात निर्धास्त होतात. सांगायचं आहे ते दोघांनाही.

गोळ्या रोज घेतल्या की रक्तातला विषाणू कमी होत जातो. पुढे तो तपासणीत सापडतही नाही. असा तो दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नुसता धीर द्यायला हे सांगत नाही. युरोपात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांचा 'पार्टनर' नावाचा अभ्यास झाला. त्यांनी निरोधाशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले. विषाणू दबलेला असताना जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही.

अशाच आणखी एका मोठ्या अभ्यासात आपल्या पुण्यातली जोडपीही होती. त्याचा पहिला निष्कर्ष २०११ साली आला. त्या अभ्यासात उपचार सुरू झाल्यावरही जोडीदाराकडून मोजक्या लागणी झाल्या. कधी? विषाणू अजून दबायचा होता तेव्हा, किंवा गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या तेव्हा. जपायचं ते या दोन वेळांना.

म्हणून तब्येतीवर जाऊ नका. वजन वाढलं, भूक लागते, चेहरा उजळला, सगळं छान आहे. पण त्यावरून विषाणू कळत नाही. सीडी-फोर वाढला म्हणूनही नाही. तो आकडा तुमच्या ताकदीचा. विषाणूचा आकडा म्हणजे व्हायरल लोड. ही तपासणी सरकारी एआरटी केंद्रात फुकट होते. सहसा पहिली सहा महिन्यांनी आणि सगळं ठीक असेल तर पुढे वर्षाला एक. नुसतं रक्त देऊन घरी येऊ नका. अहवाल मागा, आकडा विचारा. 'पार्टनर' अभ्यासात २०० ही मर्यादा धरली होती. विषाणू दबल्याचा कागद हाती येईपर्यंत निरोध वापरा, दरवेळी.

मग गोळी चुकवू नका. ऊसतोडीला किंवा बांधकामावर लांब जाणार असाल, तर निघण्याआधी केंद्रात सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का, तिकडचं केंद्र कोणतं, हे तेव्हाच विचारून घ्या. लग्नघरी पाहुणे आहेत म्हणून डबी लपवली आणि दोन दिवस राहून गेलं, असं फार होतं. गोळ्या साध्या, घट्ट झाकणाच्या डबीत न्या, पण न्या.

दुसऱ्या औषधांचंही बघा. सध्या बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली गोळी असते. पित्ताची काही औषधं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्या आगेमागे घेतल्या तर तिचा जोर कमी होतो. टीबीची औषधं सुरू झाली तर तिचा डोस वाढवावा लागतो. दुकानातून काहीही आणलंत तरी केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

या गोळ्यांनी गरमी-परमा अडत नाही. नको असलेलं गर्भारपणही अडत नाही. त्यासाठी निरोध लागतोच. उलट मूल हवं असेल तर मनातच ठेवू नका, डॉक्टरांशी बोला. अशा जोडप्यांना निरोगी मुलं होतात. अंगावर पाजण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, तो डॉक्टरांनाच विचारा.

आणि विषाणू दबलेला नसताना निरोध फाटला तर? रडत, भांडत रात्र घालवू नका. ज्याला लागण नाही त्याने लगेच सरकारी रुग्णालय गाठावं. लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी.

समोरासमोर विचारायला लाज वाटत असेल, तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत, नावही सांगावं लागत नाही. आणि पुढच्या तारखेला केंद्रात जाल, तेव्हा जमलं तर दोघं मिळून जा आणि व्हायरल लोडचा आकडा विचारूनच या.